बाबांच्या नावापुढचा कोड

बाबा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. आपल्या घरात तो शब्द कधी कुणी वापरला नाही, तुम्हाला तो कुणाचा तरी उसना वाटला असता.

तुमच्यासाठी एक निरोप आहे. परवा तुमचा फोन वाजला. तुम्हाला जाऊन सात महिने झाले, तरी मी तो चार्जवर ठेवते आणि संपला की रिचार्ज करते. का, ते विचारू नका. नीट उत्तर देता येत नसेल तर मी गप्प बसते, हे तुम्हाला माहीत आहे. इतक्या दिवसांत त्यावर फक्त कंपनीचे मेसेज यायचे. परवा माणसाचा आवाज आला.

"ठवरे बाबू हैं क्या? भनपुरी से साहू बोल रहा हूँ, धरमकाँटा वाला. काँटा बाबू की जगह खाली हुई है. उनसे कहिए, सोमवार से आ जाएँ."

"कौन सी जगह?" मी विचारलं.

"अरे, वही जिसके लिए रोज आते थे!"

रोज? बाबा, तुम्ही रोज भनपुरीला, त्या ट्रक तोलायच्या काट्यावर जात होतात?

तुम्ही आता नाहीत, हे त्या माणसाला सांगायला हवं होतं. चार शब्दांचं वाक्य. मी म्हटलं, "जी, बता दूँगी." आयुष्यात इतकं चुकीचं उत्तर मी दुसऱ्यांदा दिलं. पहिल्यांदा कधी दिलं, ते सांगायला हे पत्र लिहिते आहे.

आणि मराठीत लिहिते आहे. तुम्ही जन्मभर मराठीत विचारलंत आणि मी इथल्या हिंदीत उत्तर दिलं. "जेवली का?" "हाँ." "ऑफिसात बरं चाललं ना?" "ठीक है." नागपूरहून येणारा पेपर समोर ठेवून तुम्ही मला मराठी वाचायला-लिहायला शिकवलंत, आणि मी ती तुमच्या वाढदिवसाच्या कार्डापुरती ठेवली. आज पानंच्या पानं लिहायला बसले, तर चुका काढायला तुम्ही नाहीत!

संध्याकाळचे सात वाजले की अजून माझे कान दाराकडे जातात. सात म्हणजे बंडूकाकांची वेळ. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तुमच्या या मित्राने आपल्याकडचा चहा एक दिवस चुकवला नसेल. ते चपला काढता काढताच सुरू करायचे.

"वाचलं का बे? बेरोजगारी घटली! पहिल्या पानावर आहे."

"घटली? मग चाल माझ्यासंगं सिलतऱ्याले. चिमण्या मोजू. किती चिमण्यांतून धूर निघून राहिला, ते सांग मले."

"एका कारखान्यावरून देशाचं सांगतो काय तू?"

"अन् तू एका पेपरावरून सांगतो!"

"अरे, लोकं कामाले लागले. गावोगावच्या बाया कामाले लागल्या, आकडा आहे त्याचा."

"कामाले लागल्या का नवऱ्याच्या दुकानात फुकट बसल्या? तेही रोजगारातच मोजते तुझं सरकार."

"माझं? तुझं नाही?"

"मत कोणं देलं होतं?"

मग दोघंही माझ्याकडे वळायचे. "पोट्टी, तू सांग. तू तर त्यातलीच आहे."

मी त्यातलीच. रोजगाराच्या सर्वेक्षणाचे फॉर्म तपासणं हे माझं काम. घरोघरी जाऊन माहिती घेणाऱ्या मुलामुलींना शिकवणं, हेही माझंच. मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे की माणसांचे तीन गट करतात. आठवड्यात एक तास जरी काम केलं, तरी त्या आठवड्यापुरता माणूस पहिल्या गटात, कामात. घरच्या दुकानात बिनपगारी केलं तरी. ज्याला काम नाही, पण जो शोधतो आहे किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तो दुसऱ्या गटात, बेरोजगार. जो शोधतही नाही आणि तयारही नाही, तो तिसऱ्यात. बेरोजगारीचा दर काढताना तिसरा गट हिशेबातच येत नाही. म्हणून आकडा खरा आहे, असं काका म्हणतात ते बरोबर. आणि आकड्याच्या आत काय काय भरलंय ते बघा, असं तुम्ही म्हणता तेही बरोबर.

"दोनों सही हैं," मी म्हणायचे.

"ही तर अंपायर झाली!" तुम्ही हात झटकायचात. "बापाच्या बाजूनंही बोलत नाही अन् काकाच्याही नाही."

मला ते आवडायचं, बाबा. अंपायर असण्याचा मला अभिमान होता. दोन्ही बाजू चिडल्या म्हणजे मोजणी बरोबर, असं मी ऑफिसातही गमतीने म्हणायचे.

तुमचं शेवटचं हत्यार ठरलेलं होतं. "आमच्या घरी तर आजवर कोणी विचारायले आलं नाही! मग हा आकडा आला कुठून?" त्यावर माझं उत्तरही ठरलेलं. तुमच्या कारखान्यात खनिजाचा अख्खा ट्रक तपासायचे का? दोन-चार ठिकाणचा नमुना काढायचे, तसंच हे. एकदा तुम्ही थोडा विचार करून म्हणालात, "हव, पण नमुना काढणारा हात कोणाचा, त्यावरच सारं आहे. सव्वीस वर्षं ट्रक तोलले मी. मले नको शिकवू."

तेव्हा मी हसले होते.

मग जानेवारीत आपलं घर खरंच नमुन्यात आलं! समता कॉलनीतली जी घरं निवडली गेली, त्यांत आपलं. मी ऑफिसात कळवलं की हे माझंच घर आहे. निवडलेलं घर वगळता येत नाही, असं उत्तर आलं, आणि ते नियमाला धरूनच होतं. छेरछेऱ्याच्या सणानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी टिकेश्वरी टॅब घेऊन दारात उभी. माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी. घर माझं आहे हे पाहून ती इतकी घाबरली की चपला काढायचंही विसरली.

तुम्ही घरी नव्हतात. इस्त्रीचा शर्ट घालून, पोह्यांचा डबा घेऊन तुम्ही नऊलाच बाहेर पडला होतात. वाचनालयात पेपर वाचायला, असं मला सांगून. कारखाना बंद पडल्यापासून रोजच.

मी मुलांना शिकवते की ज्याच्याविषयी विचारायचं, तो शक्यतो स्वतः बोलला पाहिजे. घरात नसेल तर कधी येईल ते विचारा आणि परत जा. दुसऱ्याने दिलेलं उत्तर हा शेवटचा उपाय. असं उत्तर फॉर्ममध्ये दिसलं, तर मी स्वतः लाल शेरा मारते आणि मुलांना पुन्हा त्या घरी पाठवते.

टिकेश्वरीने विचारलं, "अंकल शाम को मिलेंगे क्या दीदी? मैं फिर आ जाऊँगी."

मी म्हटलं, "जरूरत नहीं. लिखो, सत्तानवे."

बाबा, मी उत्तर दिलंच नाही. कोड सांगितला. गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलं का, शोधलं का, मिळालं असतं तर केलं असतं का, हे प्रश्न तिच्या तोंडून बाहेर पडण्याआधीच मी आकडा सांगून मोकळी झाले. सत्त्याण्णव म्हणजे 'इतर'. विद्यार्थी नाही, पेन्शनवर नाही, आजारी नाही, घरकाम करणारा नाही, काम शोधणाराही नाही. कुठेच न बसणारा. टिकेश्वरीने एकदा वर पाहिलं. दुसरं कुठलं घर असतं, तर तिने प्रश्न वाचून दाखवला असता. पण शिकवणाऱ्या बाईलाच कोण विचारणार? तिने लिहून घेतलं.

मला खात्री होती म्हणून मी सांगितलं. तुम्हीच म्हणाला होतात ना, "आता मी कोणाच्या दारात जात नाही, झालं माझं." त्याला दीड वर्ष झालं होतं. प्रश्न होता तो गेल्या सात दिवसांचा.

त्या संध्याकाळची आठवण माझ्याकडे अगदी स्पष्ट आहे, पण तिचा अर्थ मी चुकीचा लावून ठेवला होता. काका बसले होते, टीव्हीवर त्याच विषयावर भांडण चालू होतं. मी कप ठेवत म्हटलं, "बाबा, आज सर्वेवाली आई थी. अपने घर."

तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात. "आपल्या घरी? खरंच? मग? माझं काय लिवलं?"

"इतर."

"इतर म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. तिसरा गट.

"तिनं विचारलं नाही का, काम पाहून राहिले का म्हणून?"

"मैंने बता दिया, नहीं देख रहे."

काका कपात बघत होते. मग तुम्ही म्हणालात, "बरं. बरोबर लिवलं तू." उठलात, टीव्ही बंद केलात, आणि आत गेलात. काकांचा चहा अर्धा होता.

मला वाटलं, पहिल्यांदाच तुम्हाला माझं म्हणणं पटलं! मी मनातल्या मनात खूश होते. दोन माणसांच्या घरात, बाबा, समोरच्या माणसाचा चेहरा वाचायला काय कोड लागतो?

दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. होळीच्या आधी. सकाळी छातीत दुखलं, चौकातल्या दवाखान्यापर्यंत पोचलो, आणि डॉक्टरांनी फॉर्मवर काय लिहायचं ते मलाच विचारलं. नाव. वय. 'व्यवसाय' या रकान्यात मी 'काही नाही' लिहिलं. तेही मीच.

परवाच्या फोननंतर काल मी अर्धी सुट्टी टाकून भनपुरीला गेले. ट्रकांच्या रांगा, काळी धूळ, आणि मधोमध तो धरमकाटा. एक खोली, एक खिडकी, बाहेर लोखंडी प्लॅटफॉर्म. साहूजी पन्नाशीचे असतील. मी सांगितलं. यावेळी नीट सांगितलं. ते उठून उभे राहिले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "अरे राम. हम तो समझे नाराज हो गए, इसलिए नहीं आते."

खिडकीशेजारच्या बाकाकडे त्यांनी बोट दाखवलं. तुम्ही तिथे बसायचात. या काट्यावर, मग पुढच्या, मग एक-दोन ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत विचारून परत इथे. "रोज पूछते थे, साहूजी, कुछ है क्या? हम बोलते, अभी नहीं बाबू. तो बोलते, हव, कल देखेंगे."

मला रडू आलं नाही. मी तारीख विचारली. तुम्ही हसाल, पण मला दुसरं काही येत नाही. "जनवरी में आते थे? कौन से हफ्ते में, याद है?"

त्यांना तारीख कशी आठवणार? पण त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "छेरछेरा के दिन तो पक्का आए थे. बच्चे लोग टोली लेके धान माँगने आए, हमारे पास धान कहाँ! तो बाबू अपना डब्बा खोल के पोहा बाँट दिए. बोले, ये भी धान ही है. फिर दिनभर भूखे बैठे रहे."

पोहे मी केले होते. डबा रिकामा आला म्हणून मला बरं वाटलं होतं.

टिकेश्वरी छेरछेऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी आली होती. म्हणजे तो दिवस त्या सात दिवसांत येतो. तुम्ही काम शोधत होतात, मिळालं तर करायला तयार होतात. दोन्ही अटी पूर्ण. त्याचा कोड एक्क्याऐंशी. सत्त्याण्णव नव्हे.

तुमच्या चपलांवर काळी धूळ असायची. मी ती पाहिली होती, बाबा! वाचनालयात कुठली काळी धूळ? रोज इस्त्रीचा शर्ट कशाला? माझ्यापुढे सगळी माहिती होती. दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये एवढी विसंगती असती, तर मी पाच मिनिटांत पकडली असती.

आणि तुम्ही का नाही बोललात? "बरोबर लिवलं तू" म्हणण्याऐवजी "चूक लिवलं" म्हणायला काय झालं होतं? काकांशी इतके भांडायचात, माझ्याशी एकदा भांडला असतात!

काल संध्याकाळी मी काकांना विचारलं. ते अजून येतात, पण आता पेपर वाचतात, चहा पितात आणि जातात. टीव्ही लावत नाहीत. मी म्हटलं, "काका, बाबा भनपुरी जाते थे, आपको पता था?"

त्यांनी पेपराची घडी केली. "मीच नेऊन सोडत होतो स्कूटरवर. कधी कधी."

"और मुझे नहीं बताया?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणे, पोट्टी म्हणून राहिली की आता आराम करा, मी कमावतो. तिले कळलं की मी दारोदार फिरून राहिलो, तर तिले वाटन, माझी कमाई बापाले पुरत नाही काय." मग म्हणाले, "त्याले पैसा नव्हता पाहिजे बेटा. त्याले सकाळी जायले जागा पाहिजे होती."

"और आप रोज उनसे झगड़ते थे, बेरोजगारी घट गई करके? उन्हीं के सामने?"

काका चिडले. किती महिन्यांनी चिडले! "मग काय करू? एकदा मी बोलायचा थांबलो, तर म्हणे, काहून चूप झाला बे? दया येऊन राहिली का माझी? भांड! अन् मले तर तेव्हाही वाटत होतं का आकडा बरोबर आहे, अन् आताही वाटते. पण हा बाजूले बसून आहे, तेही दिसत होतं. दोन्ही एकदम कसं सांगावं, ते मले नाही जमलं."

मलाही नाही जमलं, काका. मी तर त्याचा पगार घेते. हे मी त्यांना म्हटलं नाही, तुम्हाला सांगते आहे.

आज सकाळी ऑफिसात मी लेखी कळवलं की माझ्या घराच्या पहिल्या फेरीतली एक नोंद चुकीची आहे आणि ती मी दिलेली आहे. ती फेरी बंद झाली, आकडे गेले, आता दुरुस्ती होत नाही. साहेब समजुतीने म्हणाले, "एक घर से क्या फर्क पड़ता है?" हेच वाक्य मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल! पण नमुन्यातलं एक घर एकट्यापुरतं बोलत नाही. ते न विचारलेल्या कितीतरी घरांच्या वतीने बोलतं, त्यासाठी प्रत्येक घराला एक गुणक लावतात. मी एकट्या तुम्हाला 'इतर' नाही केलं. डबा घेऊन घराबाहेर पडणारे आणि घरी खोटं सांगणारे तुमच्यासारखे कितीतरी बाप मी एका वाक्यात यादीतून काढून टाकले. गुणक मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.

तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही. काकांचा आकडा अजूनही एका घरामुळे खोटा ठरत नाही, आणि मी तसं म्हटलं तर तुम्हालाच ते पटणार नाही. पण नमुना काढणारा हात कुणाचा होता, ते तुम्ही बरोबर विचारलं होतंत.

निवडलेल्या घरी चार फेऱ्या होतात, तीन-तीन महिन्यांनी. एप्रिलमध्ये टिकेश्वरी आली, तेव्हा तुमच्या ओळीसमोर तिने मृत्यूची नोंद केली आणि हळूच विचारलं, "अब घर में कितने सदस्य, दीदी?" मी म्हटलं, एक. जुलैमध्येही एक. यादीत तुम्ही पहिले होतात, मी दुसरी. तुमची ओळ बंद झाली, पण तुमचा नंबर दुसऱ्या कुणाला देत नाहीत, म्हणून मी अजून दुसरीच आहे. वर रिकामी ओळ, खाली मी. कुणी सोबत नसताना आपलं घर कसं दिसतं, ते त्या टॅबच्या पडद्यावर बरोबर दिसतं. शुक्रवारी ऑफिसातून आले आणि काका आले नाहीत, तर सोमवारपर्यंत माझा आवाज कुणी ऐकत नाही. पोहे अजून दोघांपुरते भिजवले जातात. मोजून घेते, तरी.

उद्या शनिवारी टिकेश्वरी शेवटच्या फेरीला येईल. मी कोड सांगणार नाही, बाबा. तिला प्रत्येक प्रश्न पूर्ण वाचायला लावेन आणि तो ऐकून उत्तर देईन. मग तिला बसवून जानेवारीची गोष्ट सांगेन, नाव घेऊन, कुणाचं घर आणि कुणाची चूक ते न लपवता. पुढच्या महिन्यात नवीन मुलं शिकायला येतील, त्यांनाही पहिल्याच दिवशी हीच सांगेन. घरातला माणूस कितीही शहाणा असला, तरी संध्याकाळी परत जा, म्हणेन. ज्याचं उत्तर आहे, तो तेव्हा घरी येतो.

आणि एक वचन. उद्या सात वाजता काका चपला काढतील, तेव्हा टीव्ही मी लावेन. ते गप्प बसले तर मीच सुरुवात करेन. मराठीत. खोटा आकडा एकही देणार नाही, तेवढं माझ्याच्याने होणार नाही. पण रोज चहा संपेपर्यंत मी अंपायर नसेन. त्यांना म्हणेन, चला सिलतऱ्याला, चिमण्या मोजू. तुमच्या खुर्चीत बसून तुमच्या बाजूने भांडेन. तुम्ही असताना हे करायला हवं होतं.

निरोप पोचवला. सोमवारपासून या, म्हणालेत.

यादीतली दुसरी,
तुमची पोट्टी
मीनल